फ्रेममधला ‘मुघल साम्राज्याचा अस्सल नकाशा’ घेण्याआधी हे वाचा

मुंबईत जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसाने मला एक छापील पोस्टर १७व्या शतकातला अस्सल डच नकाशा म्हणून अडतीस हजारांना विकलं. त्याची पद्धत इतकी घोटलेली होती की फसलेला मी एकटा नक्कीच नसणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला त्याने मला व्हिक्टोरियन काळातला हिंदुस्थानचा एक छोटा नकाशा रास्त भावात दिला. तो खरा होता, आजही माझ्याकडे आहे. विश्वास बसावा म्हणून टाकलेला तो दाणा होता.

मग महिन्याभराने फोन आला, ‘साहेब, ब्लाऊ आलाय.’ अ‍ॅमस्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने १६३८च्या सुमारास छापलेला ‘मॅग्नी मोगोलिस इम्पेरियम’, म्हणजे मुघल साम्राज्याचा नकाशा. गंमत म्हणजे त्याने सांगितलेला इतिहास चोख होता. जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज राजदूत टॉमस रो, त्याच्याकडच्या माहितीवरून विल्यम बॅफिनने १६१९ साली केलेला नकाशा, आणि तोच पुढे डच नकाशाकारांनी उचलला, हे सगळं खरं. पूर्वेकडे ‘चियामाय’ नावाचं कधीच नसलेलं सरोवर त्याने बोट ठेवून दाखवलं. माहिती पक्की, माल खोटा!

नकाशा काचेच्या फ्रेममध्ये, मागून तपकिरी कागद चिकटवून बंद केलेला. उघडून बघू म्हटलं तर म्हणाला, ‘चारशे वर्षांचा कागद आहे, हवा लागली तर भुगा होईल.’ ही शुद्ध थाप. त्या काळचा कागद चिंध्यांपासून, हाताने केलेला असे आणि तो चिवट असतो. भुगा होतो तो १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाचा. फ्रेम उघडू न देण्यामागचं खरं कारण वेगळं: जे काही बघून पारख होते, ते सगळं फ्रेम झाकते.

पुण्यात ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे ती उघडली. मधोमध उभी तपकिरी घडी दिसत होती, कारण असे नकाशे अ‍ॅटलासमध्ये दुमडून बांधलेले असत. त्या घडीवरून बोट फिरवलं तर कागद सपाट! घडी छापलेली होती. भिंग लावल्यावर रेषा आणि रंग ठिपक्याठिपक्यांत फुटले. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली रेषा अखंड असते, शाई किंचित वर आलेली लागते आणि दाबाने पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा नकाशाभोवती उमटतो. इथे ठशाच्या जागी नुसती करडी रेघ. मागची बाजू कोरी. ब्लाऊच्या अ‍ॅटलासमधल्या पानांच्या पाठीवर बहुतेक वेळा मजकूर छापलेला असतो. जुना तांबेयुक्त हिरवा रंग कागद खात जातो आणि मागे तपकिरी डाग उमटवतो, त्याचाही मागमूस नाही. नोटा तपासायच्या दिव्याखाली तर कागद निळसर पांढरा चमकला. ती चमक आणणारी रसायनं २०व्या शतकातली.

परत करायला गेलो तर म्हणे, ‘मी डेकोरेटिव्ह म्हणूनच दिलं होतं.’ बिलावर फक्त ‘जुना नकाशा, फ्रेमसह’. ब्लाऊचं नाव, साल, ‘अस्सल’ हा शब्द, सगळं बोलण्यात. कागदावर काही नाही. सोबतचं ‘प्रमाणपत्र’ त्यानेच घरी छापलेलं, त्यातही साल नाही. म्हणून बिलावर नकाशाकार, साल आणि ‘मूळ छपाई’ हे शब्द लिहून घ्या. आणखी एक: १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो. तो विचारा. मी नंतर विचारला, तर साहेबांनी विषयच बदलला.

ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कागद जमवतोय. त्यात नाशिकच्या एका गृहस्थांची मदत झाली. त्यांनीही याच माणसाकडून ‘एकमेव प्रत’ घेतली होती. त्यांनी पाठवलेला फोटो माझ्या नकाशाशेजारी ठेवला. दोन्हींवर खंभातच्या आखातात पाण्याचा तोच डाग, त्याच आकाराचा, त्याच जागी. तुमच्या भिंतीवर हा नकाशा असेल तर आधी तिथे बघा, आणि डाग सापडला तर फोटो मला पाठवा. तक्रारीला जोडता येईल.