ई-कोर्ट्स ॲप: पक्षकाराला पुरतं, साक्षीदाराला अर्धंच

समन्स येतं तेव्हा तो दिवस मोकळा असतोच असं नाही. निफाड-दिंडोरीत द्राक्षं उतरायला आलेली असतात, सातपूर-अंबडला शिफ्ट लागलेली असते, घरात कुणाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते. २०२७ च्या सिंहस्थात तर पोलीस, महापालिका आणि महसूलच्या कितीतरी कर्मचाऱ्यांना बंदोबस्त आणि साक्ष यांचा मेळ घालावा लागेल. अशा वेळी सगळे सांगतात, "ॲपवर बघ, तारीख बदललीही असेल." सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप केसची तारीख सांगतं. त्या तारखेला तुमची साक्ष आहे का, आणि तुम्ही येऊ शकत नसाल तर काय करायचं, हे त्यात कुठेही नाही. हे परीक्षण नाशिक जिल्ह्यातल्या कोर्टांत साक्षीला बोलावलेल्या माणसाच्या गरजेनुसार केलेलं आहे. त्या हिशेबानं पाचपैकी तीन गुण.

ॲप मोफत आहे आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालतं. केस शोधायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो १६ अक्षर-अंकांचा असतो आणि मध्ये रेघ किंवा मोकळी जागा न सोडता टाकायचा असतो. समन्सवर तो नसेल तर केसचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष टाकून शोधता येतं. बहुतेक लोक अडकतात ते इथेच. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला आणि आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा. समन्सवरचं हस्ताक्षर किंवा शिक्का पुसट असला की शेवटचं अक्षर चुकतं आणि भलत्याच माणसांची केस समोर येते. म्हणून पक्षकारांची नावं जुळतात का ते आधी पाहा. फौजदारी केसमध्ये काहीच सापडलं नाही तर पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष यांवरूनही शोध लागतो.

दुसरी चूक कोर्ट संकुल निवडताना होते. 'नाशिक' म्हटलं की सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं, जुन्या आग्रा रोडवरचं जिल्हा न्यायालय डोळ्यांसमोर येतं. पण नाशिकरोडला वेगळं कोर्ट आहे. निफाड आणि मालेगावला तर अतिरिक्त सत्र न्यायालयंही बसतात, त्यामुळे सत्र खटला आहे म्हणजे तो नाशिक शहरातच असेल असं धरून चालू नये. समन्सच्या माथ्यावर कोर्टाचं पूर्ण नाव आणि ठिकाण छापलेलं असतं, ते वाचून मगच संकुल निवडा. सीबीएस ते नाशिकरोड हे अंतर नऊ-दहा किलोमीटरचं आहे. पुकाऱ्याच्या वेळी चुकीच्या आवारात उभं राहिलात तर ती गैरहजेरीच धरली जाते.

केस उघडली की पुढची तारीख, टप्पा आणि कोर्ट क्रमांक दिसतो. त्याखाली तारखांची यादी असते आणि प्रत्येक तारखेवर दाबलं की त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कामकाजाची नोंद, उघडते. ॲपचा खरा उपयोग इथे आहे. शेवटचे तीन-चार रोजनामे नीट वाचा. आरोपी गैरहजर, वकिलांचा मुदतीचा अर्ज, न्यायाधीश रजेवर, साक्षीदारास समन्स काढा, अशा नोंदींवरून केस चालतेय की अडकलीय हे कळतं. टप्पा पुराव्याचा असेल आणि मागच्या तारखेला एखाद्या साक्षीदाराचा उलटतपास अर्धा राहिला असेल, तर येत्या तारखेला आधी तोच पुरा होईल. तुमचा नंबर दुपारी लागेल, किंवा लागणारही नाही. मात्र हा अंदाज गैरहजर राहायचं कारण होत नाही. तो किती वेळ बसावं लागेल याच्या तयारीसाठी आहे.

केस 'माय केसेस'मध्ये साठवून ठेवता येते, पण तिथली तारीख रिफ्रेश केल्यावरच ताजी होते. आठवडाभरापूर्वी साठवलेली तारीख तशीच दिसत राहते आणि लोक तिच्यावर विसंबतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा रिफ्रेश करावं. रोजनामा कर्मचाऱ्यांनी चढवल्यावरच दिसतो, म्हणून कालच्या कामकाजाची जागा आज रिकामी असली तर घाबरू नये.

आता उणिवा. साक्षीदाराच्या नावानं शोध घेता येत नाही, कारण सगळी रचना पक्षकार आणि वकील यांच्यासाठी आहे. कोणत्या तारखेला कोणाला समन्स आहे, हे पडद्यावर स्पष्ट दिसत नाही. अडचण कळवायला बटण नाही. आणि सगळ्यात घातक गैरसमज असा की ॲपवर तारीख पुढची दिसली म्हणजे समन्स रद्द झालं. तसं होत नाही. न्यायाधीश रजेवर असले तरी त्या दिवशीचा बोर्ड (केसेसची यादी) दुसऱ्या कोर्टासमोर ठेवून तारखा दिल्या जातात, आणि हजर असलेल्या साक्षीदाराला पुढच्या तारखेची समज तिथेच दिली जाते. तारीख बदललेली दिसली तर सरकारी वकिलांच्या कार्यालयात किंवा पोलीस ठाण्याच्या पैरवी (कोर्टाचं काम पाहणाऱ्या) कर्मचाऱ्याकडे खात्री करून मगच बेत बदला.

ॲपनं न दिलेलं काम साध्या कागदावरच्या अर्जानं होतं. तारीख हलवण्याचा अधिकार फक्त कोर्टाचा. समन्स घेऊन आलेल्या पोलिसाला किंवा बेलिफाला "मला त्या दिवशी जमणार नाही" असं तोंडी सांगितलं, तर समन्स बजावलं एवढीच नोंद कोर्टात जाते. सरकारी वकिलांना फोन केला तरी कागदावर काही येत नाही. टपालानं पाठवलेलं पत्र वेळेत केसच्या फाइलीला लागेलच याची खात्री नाही. अर्ज न्यायाधीशांसमोर पोहोचला, त्याला निशाणी क्रमांक (केसच्या फाइलीतला नोंद क्रमांक) पडला आणि त्यावर आदेश झाला, तरच तो अर्ज.

अर्जाच्या वर कोर्टाचं नाव, केस क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावं लिहा. मग समन्स कधी मिळालं, कोणत्या तारखेचं आहे, अडचण काय आणि तिचा पुरावा काय, हे पाच-सहा ओळींत सांगा. 'वैयक्तिक कामात व्यस्त' हे कारण टिकत नाही. टिकतं ते असं: रुग्णालयाचं शस्त्रक्रियेच्या तारखेचं पत्र, समन्स मिळण्याआधी काढलेलं तिकीट, परीक्षा केंद्रावरच्या नेमणुकीचा आदेश, घरच्या लग्नाची पत्रिका. समन्सच्या आधी ठरलेलं आणि समन्सनंतर ठरवलेलं यांत कोर्ट फरक करतं. म्हणून तिकीट किंवा आदेश कधीचा आहे, ती तारीख ठळक दिसली पाहिजे. द्राक्षबागेचं कारण खरं असलं तरी 'हंगाम आहे' एवढंच लिहून भागत नाही. व्यापाऱ्याशी सौदा कधी झाला, माल कोणत्या दिवशी उतरायचा आणि तिथे तुम्हीच का हवेत, ते लिहा. शेवटी स्वतः कोणत्या दोन-तीन तारखांना नक्की येऊ शकता ते सांगा. नुसतं 'पुढची तारीख द्यावी' म्हणणाऱ्या अर्जापेक्षा पर्यायी तारखा देणाऱ्या अर्जावर कोर्टाचा विश्वास बसतो. मोबाइल क्रमांक आणि सही विसरू नका.

अर्ज द्यायचा तो ज्यांनी बोलावलं त्यांच्यामार्फत. फिर्यादी पक्षाचे साक्षीदार असाल तर सरकारी वकील, दिवाणी दाव्यात ज्या पक्षानं समन्स काढलं त्याचे वकील. यासाठी स्वतःचा वकील लावलाच पाहिजे असं नाही. तारखेच्या निदान आठवडाभर आधी अर्ज द्यावा, कारण त्या एका दिवसासाठी आरोपी, दोन्ही वकील आणि इतर साक्षीदार यांची जुळणी झालेली असते. आरोपी नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात असेल तर कोर्ट मुदत द्यायला आणखी नाखूश असतं, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या एका तारखेची किंमत कोणीतरी आत बसून मोजत असतो. आदेश दिसेपर्यंत अर्ज मंजूर झाला असं समजू नका. हा आदेश पुढे रोजनाम्यातही दिसतो, म्हणजे ॲप इथे पुन्हा उपयोगी पडतं.

तारीख पूर्ण हलवायची गरजच नसेल तर अर्धा दिवस मागा. 'दुपारच्या आत साक्ष नोंदवून घ्यावी' अशी विनंती सकाळी बोर्ड सुरू होण्याआधी सरकारी वकिलांना सांगितली तर बरेचदा मान्य होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ इथे तुमच्या बाजूचं आहे: साक्षीदार हजर असताना विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय त्याला न तपासता केस तहकूब करता येत नाही. पक्षाचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला हे तहकुबीचं कारण होत नाही.

गावाबाहेर असाल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून साक्ष देण्याची परवानगी मागता येते. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००३ सालीच फौजदारी खटल्यात अशी साक्ष मान्य केली. तो खटला महाराष्ट्रातलाच आणि साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत होते. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० नुसार साक्ष इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं घेता येते. पण लोक समजतात तसं गाडी रस्त्याकडेला लावून मोबाइलवर साक्ष देता येत नाही. पलीकडच्या टोकाला समन्वयक लागतो. साक्षीदाराची ओळख पटवायची, खोलीत दुसरं कोणी पढवत नाही हे पाहायचं आणि कागद दाखवायचे, ही कामं त्याची. मुद्देमाल ओळखायचा असेल किंवा आरोपीला समोरासमोर ओळखायचं असेल, तर कोर्ट प्रत्यक्षच बोलावेल असं धरून चाला.

दिवाणी दाव्यात थोडी वेगळी गणितं आहेत. प्रवासखर्च आणि भत्ता समन्स काढणाऱ्या पक्षानं आधी कोर्टात भरायचा असतो, तो समन्सबरोबर मागून घ्या. कोर्टाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्याला प्रत्यक्ष बोलावण्यावर अंतराची मर्यादा आहे: साधारण १०० किलोमीटरच्या आत, आणि वाटेचा पाच-षष्ठांश भाग रेल्वे किंवा ठरलेल्या सार्वजनिक वाहनानं होत असेल तर ५०० किलोमीटरच्या आत. पुणे-मुंबईच्या साक्षीदाराला नाशिक लांब आहे असं म्हणता येणार नाही. नागपूरकराला म्हणता येईल, पण विमानाचं भाडं पक्षानं दिलं तर तेही नाही. समन्स फक्त कागदपत्र हजर करण्याचं असेल, जसं बँकेला किंवा तलाठ्याला येतं, तर कागद दुसऱ्या जबाबदार माणसाकरवी पोहोचवले तरी चालतं. 'साक्ष द्या' आणि 'दस्त हजर करा' यांपैकी समन्सवर काय लिहिलंय ते न वाचल्यानं कित्येकांचा दिवस फुकट जातो. फौजदारीतही सरकारनं केलेल्या नियमांप्रमाणे साक्षीदाराचा वाजवी खर्च देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं, पण तो मागावा लागतो.

एकाच दिवशी दोन कोर्टांची समन्सं हा त्रास सरकारी डॉक्टरांना आणि पोलिसांना नेहमीचा. चालत आलेली रीत अशी: दिवाणीपेक्षा फौजदारी आधी, खालच्यापेक्षा वरचं कोर्ट आधी, आणि दोन्ही सारखीच असतील तर ज्याचं समन्स आधी मिळालं ते. दुसऱ्या कोर्टाला पहिल्या समन्सची प्रत जोडून अर्ज आधीच गेला पाहिजे.

हल्ली समन्स व्हॉट्सॲपवरही येतं, आणि कायद्यात इलेक्ट्रॉनिक समन्सला जागा आहे. खरं-खोटं तपासायला मात्र ई-कोर्ट्स ॲपइतकं चांगलं साधन दुसरं नाही. क्रमांक टाका. केस, पक्षकार आणि तारीख जुळली पाहिजे. साक्षीदाराकडून पैसे मागणारा किंवा व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारा फोन कोर्टाचा नसतो. शंका आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा.

न गेल्यास काय होतं? फौजदारी कोर्ट आधी बहुधा जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट काढतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८९ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली कोर्टाचा हजेरीचा आदेश जाणूनबुजून मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिवाणी कोर्ट ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तारीख उलटली म्हणून वॉरंट मरत नाही. कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंत राहतं. चुकून तारीख हुकली तर पोलीस दारात येण्याची वाट न पाहता स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा, कारणाच्या पुराव्यासह.

साक्ष झाल्यावरही परवानगीशिवाय आवार सोडायचं नाही, हे समन्समध्येच लिहिलेलं असतं. उलटतपास राहिला असेल तर पुढची तारीख तुमच्यासमोर ठरते, आणि अडचण सांगायची सगळ्यात सोपी वेळ तीच. न्यायाधीश तारीख देत असतानाच "त्या दिवशी जमणार नाही, अमुक दिवशी येतो" असं नम्रपणे सांगितलं तर अर्जाचा खटाटोप वाचतो. निघताना हजेरीचा दाखला मागून घ्या. कंपनीत किंवा कार्यालयात तो दाखवावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यासाठी परत यायचं म्हणजे पुन्हा एक दिवस मोडतो.