गंगावेशीतलं धारोष्ण दूध: ग्लास कोणता मागायचा?

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैसच ग्राहकापर्यंत चालत येते. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, गवळी उकिडवा बसलेला, आणि धार थेट ग्लासात. तापवणं नाही, गाळणं नाही. तोंडाला लावलेलं दूध अंगाइतकं कोमट, साधारण 38 अंशांचं असतं. शेजारच्या तालमींतल्या पैलवानांच्या खुराकामुळे या कट्ट्याचं नाव झालं, पण आता तिथे घरची माणसं, लेकरं, पर्यटक सगळेच दिसतात.

चव आधी सांगतो. उकळल्या दुधाचा वास याला अजिबात नाही. जिभेवर आधी गोडसरपणा, मग टाळूला चिकटणारी स्निग्धता. म्हशीच्या दुधात स्निग्धांश 6 ते 8 टक्के, त्यामुळे एक ग्लास म्हणजे निम्मं जेवणच. साखर घालून घेऊ नका, मूळ गोडी मरते.

आता मुद्द्याचं. एकाच म्हशीचे सगळे ग्लास सारखे नसतात. धार सुरू होते तेव्हाचं दूध पातळ असतं. स्निग्ध कण कासेत वर, बारीक नळ्यांत अडकून राहतात आणि कास रिकामी होत जाते तसे खाली उतरतात. पहिल्या आणि शेवटच्या धारांतल्या स्निग्धांशात दुपटीहून जास्त फरक पडतो. म्हणून म्हैस नुकतीच पान्हावली असेल, तर दोन-तीन गिऱ्हाईकं पुढे जाऊ द्या. दाट हवं असेल तर गवळ्याला सरळ सांगा, "मामा, शेवटचं द्या." ज्यांना म्हशीचं दूध जड पडतं, त्यांनी मात्र सुरुवातीचाच ग्लास घ्यावा.

भर रहदारीत म्हैस पान्हा सोडते, ही या कट्ट्याची खरी करामत. म्हशीच्या कासेत आयतं साठलेलं दूध फार थोडं असतं. बाकी सगळं पान्हा सुटल्याशिवाय खाली येत नाही. ती बिथरली की पान्हा चोरते, मग कितीही ओढा, सडातून काही येत नाही. पान्हा टिकतोही काही मिनिटंच. इथल्या पंढरपुरी म्हशी, लांबलचक तलवारीसारख्या शिंगांच्या, थांबून थांबून धार द्यायला सरावलेल्या असतात. आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या खुराकाची पाटी, कासेवरून फिरणारा हात आणि मालकाचा आवाज, एवढ्यावर त्या हॉर्नच्या गोंगाटात रवंथ करत उभ्या राहतात. दिवाळी पाडव्याला हेच गवळी त्यांना सजवून शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, आणि मोटारसायकलवरून पुढे जाणाऱ्या मालकामागे त्या पळत सुटतात. ही ओळख वर्षभर रोज गोठ्यात घडते. म्हणून कट्ट्यावर गवळी निवडताना आधी म्हैस बघा. ती शांत रवंथ करत असेल तर उभे राहा. पाय झाडत असेल, शेपटी आपटत असेल, तर पुढच्या म्हशीकडे जा.

स्वच्छता गवळ्यागणिक बदलते, तिथे भीड धरू नका. कास धुऊन कोरडी पुसलेली हवी. नुसतं पाणी मारून धार सुरू केली की ते पाणी सडांवरून ओघळून ग्लासात येतं. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा बाहेर टाकायच्या असतात, कारण सडाच्या तोंडाशी जंतू असतात. सगळेच टाकत नाहीत. हात दुधात बुडवून ओले करत धार काढणारा दिसला तर तिथे दूध घेऊ नये. धार कोरड्या हाताने, पूर्ण मुठीने काढलेली चांगली. अंगठा मुडपून ओढलं की सडाला इजा होते. ग्लास विसळायची बादली गढूळ असेल तर स्वतःचा तांब्या पुढे करा, कोणी नाही म्हणत नाही.

मापाला फेसाचा फटका बसतो. उंचावरून मारलेल्या धारेने ग्लास काठोकाठ दिसतो, पण वरचा बराच भाग फेसच असतो. मिनिटभर थांबा, फेस बसला की वरून आणखी दोन धारा मागून घ्या. भांडं नेलं असेल तर धार सुरू होण्याआधी ते रिकामं आणि कोरडं आहे ना, हे बघा. डोळ्यांदेखत दूध मिळावं, पाण्याची शंका राहू नये, हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. निरसं दूध कितीही ताजं असलं तरी म्हशीला ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला लागणारा, वारंवार ताप आणणारा रोग) किंवा क्षय असेल तर तो दुधातून माणसात येऊ शकतो, आणि म्हशीकडे बघून ते कळत नाही. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेल्यांनी कट्ट्यावर ग्लास तोंडाला लावू नये. त्यांच्यासाठी तेच दूध घरी न्यावं.

घरी नेताना किटलीचं झाकण घट्ट लावू नका. कोमट दूध कोंडलं की वास धरतं. दोन तासांच्या आत जाड बुडाच्या पातेल्यात, सतत ढवळत, चांगली उकळी येऊ द्या. नंतर जाळी झाकून गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी भाकरीसारखी उचलून घ्यावी अशी साय येते.