मालवण: आउटबोर्ड इंजिनाच्या गिअर दुरुस्तीचा अनुभव

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर पडून राहिलेल्या आमच्या होडीच्या आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनाचा गिअर रिव्हर्समध्ये पडेना, म्हणून ते मालवण बंदराजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले. कारागिराने गिअरबॉक्स उघडण्याची घाई केली नाही. इंजिन बंद करून, सेफ्टीची दोरी (जी काढली की इंजिन सुरू होत नाही) काढून त्याने आधी गिअरच्या लिव्हरपासून येणारी केबल इंजिनाकडच्या टोकाला सोडवली आणि एका हाताने पंखा (प्रोपेलर) फिरवत दुसऱ्या हाताने गिअरचा दांडा हलवला. तो फॉरवर्ड, न्यूट्रल आणि रिव्हर्स या तिन्ही जागी सहज बसला, त्यामुळे दोष खाऱ्या हवेने आतून गंजलेल्या केबलमध्येच आहे, हे तिथल्या तिथे स्पष्ट झाले. तरीही गिअर ऑइल थोडे काढून पाहिले, कारण ते दुधाळ असते तर सील खराब होऊन पाणी शिरल्याचे कळले असते. नवी केबल बसवल्यावर न्यूट्रलची जागाही नीट जुळवून दिली. गिअर हळूहळू सरकवल्यास डॉग क्लचच्या (गिअर अडकवणाऱ्या दातेरी भागाच्या) कडा झिजतात आणि पुढे जोर आला की गिअर सुटतो, म्हणून तो कमी आरपीएमवर (इंजिन हळू फिरत असताना) एका झटक्यात टाकावा, असेही बजावले. केबलचा दर मात्र चढा वाटला. हंगामाच्या तोंडावर येथे ताटकळावे लागते, त्यामुळे काम जुलैतच आणलेले बरे.