पागडीच्या खोलीसाठी मालकाचा हिस्सा रोख मागितला, तर तिथेच थांबा

लालबागमधील एका जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या) इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या १८० चौरस फुटांच्या पागडीच्या खोलीसाठी मी १८ लाख ३४ हजार रुपये मोजले आणि आज माझ्या हातात ५०० रुपयांच्या मुद्रांकावरील नोटरी केलेला करार, एक बनावट संमतिपत्र आणि सात भाडेपावत्या यांखेरीज काहीही नाही. बयाण्याचे ५१ हजार धनादेशाने, भाडेकरू म्हणवणाऱ्या इसमाच्या खात्यावर ६ लाख ४९ हजार, मालकाचा हिस्सा म्हणून ११ लाख रोख आणि दलाली ३४ हजार, असा तो हिशेब आहे. ठरलेल्या ३४ लाखांपैकी उरलेले १६ लाख ताबा मिळताना द्यायचे होते. ते वाचले म्हणून आमचे नातेवाईक मला नशीबवान म्हणतात आणि मी ते निमूटपणे ऐकून घेतो.

पागडीचा व्यवहार कसा चालतो, हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. जुना भाडेकरू पैसे घेऊन हक्क सोडतो, मालक त्यातला साधारण तिसरा हिस्सा घेतो आणि नव्या माणसाच्या नावाने पावती फाडतो. माझे वडील गिरणी कामगार होते, माझे बालपण चिंचपोकळीच्या चाळीत गेले, आणि भावाभावांत वाटणी झाल्यावर मी दिव्याला राहायला गेलो. निवृत्तीनंतर परत आपल्या भागात यावे, एवढीच इच्छा होती. पुनर्विकासाची आशाही होती, ते मी लपवत नाही. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली अशा इमारतीतील पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते, हे ठाऊक असलेला कोणता मुंबईकर अशी खोली स्वस्तात मिळत असताना पाठ फिरवील? याला लोभ म्हणणाऱ्यांनी मुंबईतील घरांचे भाव एकदा पाहावेत.

दलाल ओळखीतल्याच माणसाने सुचवलेला होता. त्याने पहिल्याच भेटीत एक ताकीद दिली की चाळीत कुणाशी बोलू नका, बोभाटा झाला तर मालक आपला हिस्सा वाढवून मागेल. मला ते तेव्हा शहाणपणाचे वाटले, कारण मालक लोक असे करतात हे खरेच आहे. आता माझे म्हणणे असे आहे की जो दलाल शेजाऱ्यांशी बोलू देत नाही, त्याच्याबरोबर चहासुद्धा घेऊ नये.

पावत्यांबद्दल मात्र लिहितानाही हात थरथरतो. मालकाची कचेरी म्हणून मला दादरच्या एका इमारतीत नेण्यात आले. दारावर मालकाच्या नावाची पाटी होती, भिंतीवर हार घातलेली तसबीर होती आणि टेबलामागे स्वतःला मेहताजी, म्हणजे मालकाचा हिशेबनीस, म्हणवणारा एक वयस्कर गृहस्थ बसला होता. मालक गावाला गेले आहेत, सही करून ठेवली आहे, असे सांगून त्याने संमतिपत्र आणि जुन्या पावत्या माझ्यासमोर ठेवल्या. २०१८ ते २०२४ या प्रत्येक वर्षाच्या मार्च महिन्याची एकेक पावती होती. उजव्या कोपऱ्यात लाल शाईत क्रमांक छापलेले होते: ११२, ११३, ११४, असे सरळ ११८ पर्यंत. त्या इमारतीत ४४ खोल्या आहेत. दर महिन्याला ४४ पावत्या फाटत असतील, तर वर्षाला पाचशेच्या वर पावत्या होतात, आणि इथे सात वर्षांच्या सात पावत्या एकाच पुस्तकातून एकामागोमाग एक निघालेल्या होत्या. माझी उभी हयात एका खासगी कंपनीच्या हिशेबखात्यात व्हाउचर तपासण्यात गेली. एक क्रमांक चुकला तर मी पोरांना फाईल परत पाठवत असे. ११५ क्रमांकाच्या पावतीवर माझा अंगठा टेकला होता, हे मला आजही दिसते. पण त्याच क्षणी मेहताजीने महिन्याचे भाडे १६२ रुपये आहे, ते वेळेवर भरत जा, असे दटावले, आणि खरा मालकच असा दटावील असे वाटून मी पावत्यांची चळत सरळ करून ठेवून दिली. समोर रोख रकमेची पिशवी, शेजारी दलाल, बाहेर घाई करणारा दुसरा गिऱ्हाईक (तोही त्यांचाच असणार), अशा वेळी किती जणांनी पावत्यांचे क्रमांक पाहिले असते?

रोख रकमेवरून मला सर्वाधिक बोल ऐकावे लागले. पागडी कायद्यात बसत नाही म्हणून मालक धनादेश घेत नाहीत, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि जुन्या १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळात ते खरेही होते. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने भाडेकरूला हक्क सोडण्यासाठी आणि मालकाला हस्तांतरणास संमती देण्यासाठी पैसे घेण्याची मुभा दिली. म्हणजे मालकाला धनादेश घेण्यात कायद्याची आडकाठी नाही. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. मला हे कुणी सांगितले असते, तर नोटरीच्या शिक्क्यावर मी विसंबलो नसतो. पागडीच्या खोलीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, त्यामुळे बँकेचा वकील जी कागदपत्रे उलटसुलट करून पाहतो, ती पाहणारे आपल्या बाजूने कुणीच नसते. मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) ज्याचे नाव आहे त्याला प्रत्यक्ष गाठा, मेहताजीला नव्हे, आणि धनादेश त्याच्याच नावाने काढा.

ताब्याच्या दिवशी दाराला कुलूप होते आणि सर्व फोन बंद होते. शेजारच्या काकूंनी सांगितले ते असे की खोली संगमेश्वरकडे गावी राहणाऱ्या एका विधवा आजींची आहे, आणि ज्याने मला ती विकली तो त्यांचा भाचा म्हणून अकरा महिने तिथे राहत होता. प्रत्यक्षात तो भाचाही नव्हता, त्याने खोली भाड्याने घेतलेली होती. मालकाची खरी कचेरी फोर्टमध्ये आहे आणि तिथे पावती संगणकावर निघते.

यापुढचा भाग मला फसवणुकीपेक्षा जास्त झोंबला. ज्या पोलीस ठाण्यात प्रथम गेलो, तेथील अधिकाऱ्याने खोली आमच्या हद्दीत असली तरी पैसे दादरला दिलेत ना, मग तिकडे जा, असे सांगितले. तिकडच्या ठाण्याने खोली ज्या हद्दीत आहे तिकडे परत पाठवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागद दाखवून सांगितले, तेव्हा मला ‘काका, तुम्ही वकील आहात का?’ असे विचारण्यात आले. पुढे हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे, लघुवाद न्यायालयात जा, असा सल्ला मिळाला. वकिलाने सांगितले की लघुवाद न्यायालय मालक आणि भाडेकरू यांच्यातील वाद पाहते, आणि तुम्ही तर भाडेकरूच नाही. स्थावर संपदा कायदा (रेरा) बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे, त्यात जुन्या चाळीची खोली बसत नाही. ज्या सरकारी कार्यालयात मी इमारतीची माहिती मागायला गेलो, तिथे हा तुमचा खासगी व्यवहार आहे, असे म्हणून अर्जावर आवक शिक्कासुद्धा मारायला खळखळ केली. ११ लाख रोख कुठून आणले, हा प्रश्न मात्र प्रत्येक टेबलावर विचारला गेला. ते माझ्या भविष्य निर्वाह निधीचे आणि पत्नीच्या पाटल्या मोडून आलेले पैसे आहेत, बँकेतून काढल्याच्या नोंदी आहेत, पावत्या आहेत. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे प्राप्तिकर कायद्याने मना आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्याला आहे, तरी चोर मीच असल्यासारखी उलटतपासणी माझीच झाली.

खरी मेख वेगळीच आहे आणि या टोळीने ती नेमकी हेरलेली आहे. मालक म्हणतो, माझे काहीच गेले नाही, मी तक्रार का करू? आजी तोंड उघडत नाहीत, कारण मालकाला न विचारता खोली भाड्याने दिल्याचे कागदावर आले, तर तो पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा लावून त्यांचीच खोली काढून घेईल. म्हणजे ज्या दोघांचे शब्द वजनदार, ते दोघेही गप्प, आणि बोलणारा मी एकटा.

खोली पाहायला जाल तेव्हा पावती एकच पाहू नका. शेजारच्या दोन खोल्यांच्या त्याच महिन्याच्या पावत्या मागून क्रमांक, शाई आणि सही जुळवून पाहा. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेला भाडेहक्क पुनर्विकासात धरला जात नाही, म्हणून महापालिकेच्या करनिर्धारण विभागातील जुन्या नोंदीत त्या खोलीसमोर कुणाचे नाव आहे, ते आधी काढा. विजेचे देयक दाखवले तर भुलू नका, मलाही दाखवले होते.

शेवटी दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज केल्यावर गुन्हा नोंदवला गेला. त्या इसमाच्या खात्यात २,३१० रुपये सापडले. तपास अधिकारी म्हणतात की तक्रारदार एकटाच असल्याने टोळी म्हणून कारवाई करता येत नाही. लालबाग, परळ, करी रोड किंवा शिवडी भागात ज्यांना लाल शाईच्या लागोपाठ क्रमांकांच्या अशाच पावत्या दाखवल्या गेल्या असतील, त्यांनी पैसे दिले नसले तरी आपल्या ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये.