कॉम्प्रेशन गेज की लीक-डाउन टेस्ट?

बोअर, पिस्टन, रिंगा नव्या टाकूनही बाईक ओढत नाही. इंजिन पुन्हा खोलण्याआधी कोणती टेस्ट करू, असं भाच्याने विचारलं.

कॉम्प्रेशन गेज म्हणजे प्लगच्या जागी लावून सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर. गेज स्वस्त, काम दहा मिनिटांचं. थ्रॉटल पूर्ण उघडून किका मारा, आकडा बघा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा. आकडा चढला तर संशय रिंगांवर.

लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघतात. त्याला कॉम्प्रेसर लागतो, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला धरावा लागतो. पण गळती कानाला कळते: ऑइलच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून म्हणजे इनटेक. माझा भरवसा याच टेस्टवर. व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या ऑइल सीलचा दोष मात्र दोन्हींत सापडत नाही.

नव्या रिंगा अजून घासून नीट बसायच्या असतील तर गेज पुरे, 500 किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. सिलिंडर हेड उतरवायची वेळ आली असेल तर आधी लीक-डाउन कराच.