सादेली कामाची शिवणपेटी: दिसायला भारी, पण...

चोर बाजारातून सादेली कामाची शिवणपेटी आणली, जुन्या घाटाची पण नवीन बनवलेली. सादेली म्हणजे लाकूड, शिंग, धातूच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून आडव्या कापायच्या नि त्या चकत्यांची नक्षी जडवायची, १९व्या शतकात सुरत-मुंबईचे कारागीर गोऱ्या मडमांसाठी अशाच पेट्या बनवायचे, तेव्हा हस्तिदंतही असायचा, आता बंदी आहे म्हणून प्लास्टिक, ठीकेय. आत रीळ, अंगुस्तान, सुयांचे कप्पे, तो ट्रे उचलला की खाली पत्रांची जागा, भरल्या घरात बाईचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच असेल कदाचित! आमच्या आजीचं सगळं शिवण मात्र बिस्किटाच्या डब्यात. बिजागरी पहिल्याच आठवड्यात ढिली झाली, दुकानदार म्हणे अँटिक लूक आहे ताई. ३ स्टार.