पैठणी घेताना पदर उलटून बघा

डिसेंबरात माझी जर्मन मैत्रीण आणि तिचा नवरा आमच्याकडे आले होते. संभाजीनगरहून दोन दिवस गाडी ठरवली. पहिल्या दिवशी देवगिरी. अंधारीतून चढताना दोघंही हरखून गेले. दुसऱ्या दिवशी पैठण. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, नाथसागराच्या काठावर बसून डबा खाल्ला. परतताना ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पाहुण्यांना पैठणी दाखवू का? ओळखीच्या विणकराचं घर आहे, दुकानापेक्षा स्वस्त पडेल."

पुढच्या खोलीत हातमाग होता आणि एक म्हातारे काका काठावर आसावलीची वेल विणत होते. ते काम खरं होतं. विकायच्या साड्या मात्र आतून आल्या. मालक म्हणाला, "याच मागावरची, तीन महिने लागले." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्याने 'सिल्क मार्क'चं लेबल दाखवलं, तेही मीच समजावलं. ४५,००० वरून २८,००० वर आला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लागेल, कशाला पाहुण्यांना भुर्दंड?" रोख घेतले आणि चिठ्ठी दिली. तिच्यावर 'साडी १ नग' एवढंच.

रात्री आत्याने पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीची काठपदरावरची नक्षी धाग्यात धागा गुंतवून विणतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. इथे मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांची टोकं होती आणि काठामागे नुसती जाळी. "मशीनची आहे गं," आत्या म्हणाली, "आठ-नऊ हजारांच्या वर नाही." लेबल खोटं नसेलही. सिल्क मार्क रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो. साडी हाताने विणली की यंत्रावर, हे सांगत नाही. त्यासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा असतो. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

सकाळी परत गेले. मालक म्हणाला, "हातमागाची असं लिहून दिलंय का कुठं?" ड्रायव्हरने फोन उचलला नाही. मी काकांना विचारलं, ही साडी तुम्ही विणली का? ते मागावरून नजर न उचलता म्हणाले, "ताई, मला रोजावर बसवलंय."

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. म्हणून सांगते, बिलावर 'हातमागावर विणलेली' असं लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि शक्यतो रोख देऊच नका. गाडीवाला नेईल त्या घरी तर खरेदी टाळाच. त्याचं कमिशन आपल्याच किमतीतून जातं.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. साडी तिने आईसाठी घेतली होती. थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "त्याचं बोलणं मला कळत नव्हतं. मी तुझ्यावर विश्वास ठेवून घेतली."